'दोन धपाटे' पोस्टला उत्तर (लांब आहे, पूर्ण वाचून मग बोला)

सायली, मांजलपूर

परवा इथे एका काकांनी लिहिलं की आपल्या बडोद्यात दांडिया बजारातल्या एका मुंजीत कुणाचा तरी मुलगा पंगतीतून सारखा उठत होता, वाढप्याच्या मठ्ठ्याच्या बादलीत हात घातला, आणि आई नुसती "त्याला एडीएचडी आहे हो" (म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही) म्हणून बसून राहिली. पुढे काकांचं तात्पर्य: "आमच्या वेळी हा रोग नव्हता, कारण दोन धपाटे होते. हल्ली आयांना मोबाइल हवा आणि पोरांना गोळ्या." खाली बदामांची रांग.

त्या मुंजीत मी नव्हते. पण तसाच एक दहा वर्षांचा माझ्या घरी आहे. तो पंगतीतून उठला नसता, कारण मी त्याला पंगतीला बसवतच नाही. आधीच आचाऱ्याकडून ताट मागून घेते, जेवायला घालते आणि बाहेर पळायला सोडते. त्यावरही बोलतात, लाडावून ठेवलाय म्हणून. बोलोत.

धपाट्यांचं म्हणाल तर तो प्रयोग आमच्याकडे झालाय. सासऱ्यांनी केला, ट्यूशनच्या सरांनी केला. धपाटा बसला की तो थांबतो, आणि पुढच्या मिनिटाला तेच. नियम त्याला माहीत नाहीत असं नाहीच, विचारा, घडाघडा म्हणून दाखवेल. माहीत असलेलं ऐन वेळी करता येत नाही, तिथेच सगळं अडतं. सकाळी "आवर लवकर" म्हटलं की हा बाथरूममध्ये साबणाच्या वडीवर नखानं रस्ता कोरत बसतो. म्हणून मी समोर उभी राहून एका वेळी एकच सांगते. मोजे घाल. ते झाले की, बूट. ते झाले की, दप्तर. तिन्ही एका दमात सांगितलं तर एकही होत नाही. हे रोज, शाळेची व्हॅन येईपर्यंत. मोबाइल बघायला मला वेळ मिळतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एक सकाळ येऊन बघावं, चहा मी देईन.

आणि निदान कुणी फोनवर केलेलं नाही. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे अडचण दिसावी लागते, बारा वर्षांच्या आत सुरुवात असावी लागते, सहा महिने तरी टिकलेली असावी लागते. कान-डोळे तपासले, शिक्षकांकडून फॉर्म भरून आणले. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत गोळीचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

निवृत्त हेडमास्तर, रावपुरा

पोस्ट माझीच. नाव न घेता 'काका' म्हटलंत, आभारी आहे.

माझी उभी हयात वर्गात गेली. साठ-साठ पोरं. त्यात चुळबुळी असायचीच. त्यांना फळा पुसायला लावायचो, खडू आणायला ऑफिसात पिटाळायचो, मधल्या सुट्टीची घंटा द्यायला उभं करायचो. कधी डॉक्टर लागला नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा काय एडीएचडीचे वेगळे वर्ग काढले होते? ओल्या मातीलाच आकार देता येतो, नंतर नाही. ही सगळी अमेरिकेहून आलेली फॅशन आहे आणि तिच्यावर दवाखाने चाललेत.

सायली, मांजलपूर

सर, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय लिहिलंत? फळा पुसायला लावा, ऑफिसात चिठ्ठी घेऊन पाठवा, अधूनमधून उठू द्या. हेच्या हेच माझ्या मुलाच्या डॉक्टरांनी शाळेसाठी लिहून दिलंय! तुम्ही आपसूक करत होतात. आज मी तेच लेखी मागते तर शाळा म्हणते, एका मुलासाठी नियम बदलता येणार नाही.

आणि सक्तीच्या शिक्षणाचं काढलंत म्हणून विचारते. जी पोरं घंटा देऊनही बसली नाहीत ती कुठे गेली? तिसरी-चौथीतच गळून दुकानात, कारखान्यात लागली ना? तुमच्या आठवणीत टिकलेलीच आहेत.

मेडिकलवाला, वाडी

फॅशन अमेरिकेची नाही हो सर. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल म्हणून मुलांचे डॉक्टर होते, त्यांनी १९०२ मध्येच अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. आणि एडीएचडीवर देतात ती मिथाइलफेनिडेटची गोळी १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झाली. पेनिसिलिनच्या काळातलं औषध आहे.

"गोळी देऊन पोराला गुंगवतात" हे वाक्य काउंटरवर रोज ऐकतो. ती उत्तेजक गटातली आहे. संध्याकाळी उशिरा दिली तर झोप उडते. शेड्युल एक्समध्ये येते, म्हणजे वेगळा परवाना, चिठ्ठीची प्रत दोन वर्षं सांभाळायची, इन्स्पेक्टर आला की दाखवायची. म्हणून निम्मे दुकानदार ठेवतच नाहीत, आणि आईबाप स्कूटरवर गावभर हिंडतात. मी ठेवतो तर लोक मलाच म्हणतात, "एक स्ट्रीप आपो ने, चिठ्ठी पछी लावीश" (एक स्ट्रीप द्या ना, चिठ्ठी नंतर आणतो). नाही म्हटलं की मी माजलेला.

ओजसचा बाबा, अलकापुरी

माझ्या मुलालाही निदान झालंय, तरी मी गोळीच्या विरोधात आहे. त्यामुळे मला 'धपाटेवाल्यांत' ढकलू नका.

एडीएचडीच्या उपचारांवरचा अमेरिकेतला १९९९ चा मोठा अभ्यास सगळे नाचवतात. ५७९ मुलं, चौदा महिने, औषधवाले गट पुढे. त्याच मुलांना तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटागटांतला फरक उरला नव्हता, हे मात्र कुणी सांगत नाही. मग पोराची भूक का मारायची? आम्ही साखर बंद केली, त्याला आखाड्यात मल्लखांबाला घातला. माणिकरावांच्या आखाड्याचं गाव आपलं, त्याचा काही उपयोग करा की. दोरावर चढला की पोरगा कसा एकचित्त होतो ते बघा.

तज्ज्ञांचं तर बोलूच नका. एका बाईंनी सांगितलं, घरात मराठी बंद करा, इंग्लिशच बोला, तीन भाषांनी मूल गोंधळतंय. आम्ही ऐकलं. वर्षभर त्याचं आजीशी धड बोलणं झालं नाही. लक्षाची अडचण होती तिथेच.

सायली, मांजलपूर

मल्लखांब उत्तमच. व्यायामाला कोण नाही म्हणतंय? साखरेचं मात्र सोडा. मुलांना आणि आईबापांना न कळू देता साखर देऊन तपासलंय, वागण्यात फरक पडत नाही. वाढदिवसाला मुलं नाचतात ती वाढदिवसामुळे.

तुमच्या त्या अभ्यासात चौदा महिन्यांनंतर मुलांना ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडलं होतं. कुणी गोळी बंद केली, कुणी नव्यानं सुरू केली. तीन वर्षांनी कोणत्या गटाची तुलना कोणत्या गटाशी करणार? एक मान्य, गोळीनं आयुष्यभराची सोय होत नाही. पण गोळी लागू असते तेवढ्या तासांत तो शिकतो, त्याचं काय?

भुकेचं खरं आहे. डबा न उघडता परत येतो. मी सकाळी गोळीच्या आधीच पोटभर घालते आणि रात्री नऊला पुन्हा थालीपीठ लावते, तेव्हा वाघासारखा खातो. दर भेटीत वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघतात. वजन अडलं तेव्हा डोस बदलला. लपवण्यासारखं काय आहे यात?

सूरसागर_काठ

ओजसच्या बाबांनी जे सांगितलं तोच खरा विषय आहे, बाकी राहू द्या. घरात मराठी बंद करा म्हणणारी ही जमात आली कुठून? आमच्या पेठेतली मराठी शाळा पट नाही म्हणून बंद पडली. ज्या गावात एके काळी राज्यकारभारात मराठी चालायची, तिथे आज दुकानाच्या पाटीवर मराठी शोधावी लागते. मूल चंचल झालं, मराठी सोडा. मूल गप्प झालं, मराठी सोडा. खोकला झाला तरी मराठीच सोडायला सांगतील!

गुजराती_सूनबाई

माझं माहेर गुजराती, सासर मराठी, म्हणून थोडं चुकेल, सांभाळून घ्या. मुलगा माझ्याशी गुजराती बोलतो, आजीशी मराठी, शाळेत इंग्लिश, टीव्ही हिंदी. त्याला काहीच गोंधळ नाही, गोंधळ पाहुण्यांना होतो. दोन-तीन भाषांमुळे एडीएचडी होत नाही, डॉक्टरबेननी आम्हाला चोख्खं सांगितलं. पण सूरसागरभाई, शाळा बंद पडली त्यात डॉक्टरांचा काय वांक, काय दोष? तुमची नात कुठल्या शाळेत जाते?

सूरसागर_काठ

प्रश्न तो नाही.

गुजराती_सूनबाई

इंग्लिश मीडियम ना?

सूरसागर_काठ

तिच्या आईबापांचा निर्णय आहे. मी वैयक्तिक बोलत नाहीये, समाजाचं बोलतोय. आणि गुजराती शाळांचं तरी काय बरं चाललंय? तिथेही पोरं इंग्लिशलाच पळतात.

ओजसचा बाबा, अलकापुरी

अहो, मी मुलाचं सांगत होतो, शाळेच्या पटसंख्येचं नाही.

सूरसागर_काठ

तुम्हीच मराठी बंद केलीत, आता आम्हाला शिकवू नका.

ओजसचा बाबा, अलकापुरी

अहो, डॉक्टरांकडच्या बाई म्हणाल्या म्हणून केली! रडून-रडून केली. तुम्ही रात्री दोन वाजता छतावर चढलेल्या पोराला खाली उतरवलंय कधी? नाही ना? मग समाजाचं तुमच्याजवळ ठेवा.

निशा, सध्या बंगळुरू, माहेर दांडिया बजार

भाषेच्या भांडणात घुसते, माफ करा. सगळे बादलीत हात घालणाऱ्या मुलांबद्दलच बोलताय. मी तशी नव्हते. मी खिडकीबाहेर बघत बसायचे. मला कुणी धपाटा मारला नाही, बाई म्हणायच्या "हुशार आहे पण वेंधळी." कंपासपेटी, छत्री, हॉल तिकीट, सगळं हरवलं. बारावीच्या पेपरात मागच्या पानावरचा प्रश्न बघितलाच नाही. माझ्या मुलीची तपासणी चालू असताना फॉर्म भरता-भरता लक्षात आलं की हा तर मी माझाच भरतेय. मुली अशाच सुटतात. हेडमास्तर सर, तुमच्या वर्गात मीही असेन. तुम्हाला आठवणार नाही, कारण मी त्रास दिला नाही.

कारेलीबागची आजी

सगळं वाचलं. नवरात्रात नऊ दिवस मध्यरात्रीपर्यंत पोरांना गरब्याला नेता, परत येताना सेव उसळ, मग सकाळी शाळेत लक्ष नाही म्हणून डॉक्टर. उतरायणला अंधार पडेपर्यंत गच्चीवर. झोप कुठे आहे या मुलांना? आम्ही आठला निजायचो.

सायली, मांजलपूर

आजी, झोपेचं तुमचं बरोबर, त्याच्या झोपेची वेळ मी सुट्टीतही मोडत नाही. पण म्हणूनच गरब्याला जात नाही आम्ही! लग्न झाल्यापासून माझी हौस होती, ती गुंडाळून ठेवली. सोसायटीतल्या बायका विचारतात, यंदा पण नाही का? काय सांगू, लाउडस्पीकर लागला की हा कान झाकून सैरावैरा पळतो म्हणून? आणि इथे मला ऐकायला मिळतं की मी गरब्यामुळे पोराला आजारी केला!

वर घरचे म्हणतात, आमच्या घराण्यात नाही, तुमच्याकडून आलं. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसतं की यात आनुवंशिकतेचा वाटा सत्तर-ऐंशी टक्के आहे. घराण्याचं काढायचंच तर आमचे सासरे चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात, एक नोकरी धड टिकली नाही, आणि जेवताना अजूनही उठतात. मी काही म्हटलंय?

मेडिकलवाला, वाडी

ताई, सासरे हा ग्रुप वाचतात का?

सायली, मांजलपूर

वाचू देत.

आणि अजून एक, मग थांबते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे त्यात, एडीएचडी वेगळा नाही. म्हणजे वाचनातही अडचण निघाली तर प्रमाणपत्र, परीक्षेत जादा वेळ. नुसतं लक्ष टिकत नसेल तर शाळेच्या दयेवर. ज्यांना समाजाचं बोलायचंय त्यांनी यावर बोलावं.

निवृत्त हेडमास्तर, रावपुरा

एवढ्या लांबलचक उत्तरांवरून लक्ष टिकवण्याची अडचण या धाग्यावर तरी कुणाला दिसली नाही.

असो. ती पंगतीतली बाई आमच्या नात्यातलीच निघाली. तिचा फोन आला होता, तो मजकूर इथे लिहिण्यासारखा नाही. शिस्त लागते हे माझं मत मी बदललेलं नाही. पण घंटेचं तुम्ही जे म्हणालात, डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणून, ते कागदावर नेमकं काय आहे? माझी धाकटी सून शाळेत शिकवते, तिच्या वर्गात एक आहे. तिला द्यावं म्हणतो. इंग्लिशमध्ये असेल तर मराठीत सांगा.

सायली, मांजलपूर

सांगते. पुढच्या बाकावर, पण दाराशेजारी नको. सूचना एका वेळी एक, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायची. मोठा गृहपाठ तुकड्यांत द्यायचा, एक तुकडा तपासून मगच पुढचा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचं काहीतरी काम. डायरीत रोज एक चांगली गोष्ट लिहायची, ती खरी असली पाहिजे. ओरडायचं असेल तर एकट्याला, वर्गासमोर नाही. आणि मधली सुट्टी शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाही, त्याला सगळ्यात जास्त गरज तिचीच आहे.

निवृत्त हेडमास्तर, रावपुरा

मधली सुट्टी आम्हीही कधी काढली नाही. पळून दमू द्यावं लागतं, नाहीतर पाचवा तास हाताळता येत नाही. यात नवीन काय आहे?

सायली, मांजलपूर

काहीच नाही सर. फक्त आता त्याच्यासाठी डॉक्टरांचा शिक्का लागतो.

सूरसागर_काठ

मराठी शाळांचा मुद्दा राहिलाच. वेगळा धागा काढतो.

गुजराती_सूनबाई

काढा. नातीच्या शाळेचं नाव पहिल्या ओळीत टाका.