परीकथेवरचा चित्रपट: समीक्षक ४०, प्रेक्षक ७०, आयएमडीबी २. विश्वास कशावर ठेवायचा?

कापूसकोंड्या
मंडळी, 'स्नो व्हाइट' (२०२५) वरच्या प्रतिक्रिया बघितल्या तर काहीच मेळ लागत नाही. परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवर समीक्षक चाळीस टक्क्यांच्या आसपास, तिथेच प्रेक्षक सत्तरीत आणि लोकांनी गुण द्यायच्या आयएमडीबी या साइटवर १० पैकी जेमतेम २. जुन्या परीकथांचे असे खऱ्या नटांचे चित्रपट आले की दर वेळी हाच गोंधळ होतो. चित्रपट आवडला की नाही हे यातून ओळखायचं कसं? राजकारणाचा धागा करू नका, त्यासाठी बाकीचं इंटरनेट मोकळं आहे.

शेवटची_रांग
आकडे तिन्ही खरेच आहेत, मोजमाप वेगळं आहे.

समीक्षकांचे ४० टक्के म्हणजे १०० पैकी ४० गुण नव्हेत. १०० पैकी ४० जणांनी 'बरा आहे' म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. जवळजवळ सगळ्यांनी पाचपैकी तीनच तारे दिले तरी तिथे ९५ टक्के दिसू शकतात. प्रेक्षकांच्या बाजूला साडेतीन तारे किंवा त्याहून जास्त दिले तर ते मत अनुकूल धरतात. मे २०१९ पासून तिथे तिकीट घेतल्याची खातरजमा झालेली मतं वेगळी दाखवतात. ट्रोलांचा त्रास त्यामुळे कमी झाला, पण आता उलटी गफलत आहे: पैसे मोजून पहिल्या आठवड्यात जाणारा माणूस मुळात आवडून घ्यायच्या तयारीने गेलेला असतो. म्हणून तिथले सत्तर टक्के हे कमीच समजायचे. 'द लिटल मरमेड' (२०२३) त्याच मोजपट्टीवर नव्वदीच्या पुढे होता.

आयएमडीबीवर खातं असलेला कोणीही मत देतो, चित्रपट न बघताही. तिथे सरासरी बघूच नका, १ ते १० चा आलेख उघडा. सामान्य चित्रपटाचा फुगवटा ६-७ च्या आसपास असतो. १ वर डोंगर, १० वर टेकडी आणि मधे खड्डा दिसला तर ती मतं वादावरची आहेत. 'मरमेड'च्या वेळी तर मतदान नेहमीसारखं नाही, म्हणून गणित बदललंय, अशी सूचनाच त्यांनी पानावर लावली होती.

माझ्या मते त्यातल्या त्यात भरवशाचा आकडा सिनेमास्कोअर. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. अमेरिका-कॅनडात पहिल्या दिवशी थिएटरच्या दारात कार्ड भरून घेतात आणि ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी देतात. पहिल्याच दिवशी येणारे चाहते असल्यामुळे कौटुंबिक चित्रपटाला ए मिळणं म्हणजे नुसतं पास होणं. 'सिंड्रेला' (२०१५), 'ब्यूटी अँड द बीस्ट' (२०१७), 'मरमेड' या सगळ्यांना ए. 'स्नो व्हाइट'ला बी प्लस. शाळेत बी प्लस म्हणजे बरे गुण, इथे घरी बोलणी खायची वेळ.

मग दुसरा शनिवार-रविवार बघा. अमेरिकेत 'सिंड्रेला' आणि 'ब्यूटी' दोन्हींची कमाई दुसऱ्या आठवड्यात साधारण ४८ टक्क्यांनी घसरली, 'स्नो व्हाइट'ची ६६ टक्क्यांनी. तोंडी प्रसिद्धी चांगली की वाईट ते इथे कळतं. एक खबरदारी: शुक्रवार ते रविवार याचीच तुलना करा. 'मरमेड' जोडून सुट्टीच्या आठवड्यात आला होता आणि त्याच्या पहिल्या कमाईचा चार दिवसांचा आकडाच जास्त फिरतो. तो धरलात तर घसरण उगाच मोठी दिसते.

चेटकीण_क्र_१
मला 'मूळ कथेची वाट लावली' या प्रतिक्रियांबद्दल बोलायचंय, कारण त्यातल्या निम्म्या मूळ कथेबद्दल नसतातच. त्या जुन्या कार्टूनबद्दल असतात.

ग्रिम बंधूंच्या कथेत राजपुत्राच्या चुंबनाने स्नो व्हाइट जागी होत नाही. शवपेटी उचलणारे नोकर अडखळतात, धक्का बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तर छळणारी बाई सावत्र नाही, सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र केलं. शेवटी तिला तापलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचवतात. चुंबन १९३७ च्या ॲनिमेशनपटाने रूढ केलं. सिंड्रेलाचंही तसंच: काचेचा बूट फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या कथेतला, ग्रिमकडे तो सोन्याचा आहे आणि सावत्र बहिणी तो पायात बसावा म्हणून एक बोट आणि दुसरी टाच कापते. अँडरसनची जलपरी (१८३७) राजपुत्राला मिळवतच नाही.

त्यामुळे अशी तक्रार दिसली की आधी विचारायचं: कुठलं मूळ? पुस्तकाची बाजू घेणारा आणि लहानपणच्या कॅसेटची बाजू घेणारा एकाच वाक्यात भांडत असतात, पण त्यांना हवं असतं अगदी उलट.

'मधे रेंगाळतो' ही तक्रार मात्र मी गंभीरपणे घेते, कारण ती मोजता येते. 'मरमेड' ८३ मिनिटांवरून १३५ वर गेला, 'ब्यूटी' ८४ वरून १२९ वर. ही ४५-५० मिनिटं कुठून आणायची? नवी गाणी, राजपुत्राचं दुःख, मेलेल्या आईची आठवण. परीकथेत माणसं स्वभावापुरती असतात. दुष्ट ती दुष्ट, 'का' विचारायचं नाही. त्या 'का'चं उत्तर द्यायला गेलं की गोष्ट बसकण मारते. 'सिंड्रेला'ही ७४ वरून १०५ वर गेला, पण तिथे जुनी गाणी कथेतून काढून टाकली आणि मिळालेला वेळ सावत्र आईला दिला. म्हणून तो रेंगाळत नाही.

रूपेरी_किडा
वरचं सगळं मान्य. 'व्हीएफएक्स (संगणकावर केलेली दृश्यं) भिकार' या शेऱ्याचंही जरा वर्गीकरण करा, त्यात चार वेगळ्या तक्रारी एकत्र असतात.

पहिली, 'काळोखी दिसतं'. आधी बघा, लिहिणाऱ्याने थ्रीडी पाहिलाय का. टूडी पडद्याचा प्रमाणित उजेड १४ फूट-लॅम्बर्ट, थ्रीडीत चष्म्यातून डोळ्यापर्यंत त्यातले बऱ्याचदा चारच्या आसपास पोचतात. पाण्याखालचा किंवा रात्रीच्या जंगलातला प्रसंग असेल तर संपलंच. हा दोष चित्रपटाचा कमी आणि खेळाचा जास्त.

दुसरी, 'प्राण्यांना भावच नाहीत'. हा निवडीचाच दोष आहे. 'मरमेड'च्या कार्टूनमधल्या खेकड्याला भुवया आणि ओठ होते, खऱ्यासारख्या खेकड्याला कुठून आणणार? तपशील जितका खरा तितका अभिनय आवाजावर येऊन पडतो.

तिसरी, 'स्नो व्हाइट'चे सात 'बुटके भीतीदायक वाटतात'. त्वचेची छिद्रं खरी, नाक-डोळ्यांचं प्रमाण कार्टूनचं आणि शेजारी हाडामांसाची नटी. जवळजवळ माणसासारखं, पण पूर्ण नाही, असं काही दिसलं की अंगावर काटा येतो. जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलेली 'अनकॅनी व्हॅली' ती हीच. एक तर पूर्ण कार्टून करा, नाहीतर पूर्ण माणूस.

चौथी, 'चिकटवल्यासारखं दिसतं'. पायाखालची सावली, केसांची कड आणि नजरेची दिशा, या तीन जागी ते उघडं पडतं. नट रिकाम्या जागेकडे बघून बोलतो आणि पात्र नंतर बसवतात. ते दोन बोटं खाली बसलं तरी कळतं. 'ब्यूटी'त बीस्ट झालेला नट प्रत्यक्ष सेटवर होता, पॅडिंगचा पोशाख आणि पायाला उंच घोड्या लावून. चेहरा नंतर वेगळा टिपला. बीस्टच्या चेहऱ्याबद्दल कुरबूर झाली, पण दोघांच्या नाचाबद्दल फारशी नाही, त्याचं कारण हे असावं.

कापूसकोंड्या
हे झकास. पण ट्रेलरखालच्या कॉमेंटींचं काय? आणि वाचायची झाली तर नेमकी कुठली परीक्षणं वाचायची?

शेवटची_रांग
ट्रेलरचं सोडून द्या. 'अलादिन' (२०१९) मधल्या निळ्या जिनीची फेब्रुवारीत यथेच्छ टिंगल झाली, मे महिन्यात त्याच चित्रपटाला ए श्रेणी मिळाली आणि जगभरात १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. शिवाय यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा झाकलाय. 'इतके लाख डिसलाइक' म्हणून जे फिरतं ते ब्राउझरला जोडायच्या एक्स्टेन्शनचे अंदाज असतात.

परीक्षणं दोन ते चार ताऱ्यांची वाचा. एक आणि पाचवाले प्रसंगाचं नाव क्वचित घेतात. प्रदर्शनानंतर साधारण दहा दिवसांनी लिहिलेली वीस-पंचवीस पुरे. एकच प्रसंग तिघा-चौघांना खटकला असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय. नुसतं 'जादू हरवली' असेल तर पुढे सरका.

चेटकीण_क्र_१
आणि मत डब आवृत्तीबद्दल आहे का तेही बघा. ॲनिमेशनमध्ये तोंड ढोबळ हलतं, कुठलीही भाषा खपून जाते. इथे खरे ओठ मिटतात, तेव्हा प, ब, म पैकी काहीतरी यावंच लागतं. गाण्यात मग अर्थ सोडून तो शब्द शोधतात, आणि शिव्या खातो गीतकार.