पत्त्यात एक नाव, तोंडात दुसरं

नागपूरकरांनो, तुमच्या मोहल्ल्याचं नाव कसं पडलं, घरात काय म्हणतात, लिहा. सुरुवात मीच करतो.

बर्डीवाला
नातीनं शाळेच्या फॉर्मवर 'सीताबर्डी' लिहिलं अन् विचारलं, "आबाजी, ही सीता कोणती?" मी गप्प. आपल्याकडं पूर्ण नाव घेतं कोण? ऑटोवालाही 'बर्डी, बर्डी' असंच ओरडतो. शितलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांवरून आधी शितलाबद्री, मग सीताबर्डी, असं सांगतात. असेलही. पण बर्डी म्हणजे मुरमाड टेकाड, आणि इथं तर दोन आहेत, एक मोठं, एक लहान. १८१७ च्या २६-२७ नोव्हेंबरला आप्पासाहेब भोसल्यांची फौज अन् कंपनीची पलटण याच टेकड्यांवर भिडली. २६ जानेवारीला किल्ला लोकांसाठी उघडतात, तेव्हा नातीला घेऊन चढलो. अर्ध्या चढावर माझ्या गुडघ्यांनी निकाल दिला, टेकाडच!

इतवारीची सून
माहेर अमरावतीचं. लग्नाला आठवडा झाला असेल. सासूबाई म्हणाल्या, "बुधवारीला जाऊन येऊ." वार सोमवार. मी निवांत कणीक मळत बसले, तर ह्या पिशवी घेऊन दारात उभ्या, "चाल ना वं!" हात कणकेचे, डोकं चक्रावलेलं. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, ही सगळी आठवडी बाजारांची नावं, हे त्या दिवशी रस्त्यात कळलं. आता बाजार रोजच असतो. आमच्या गल्लीतली ठोक दुकानं मात्र नेमकी इतवारलाच बंद.

तलावाकाठचा
जुम्मा तलाव म्हणा, शुक्रवारी तलाव म्हणा की गांधीसागर, पाणी एकच. बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. टाटांची १८७७ ची मिल, तलावाजवळच. मी डबा पोचवायचो. आई बजावायची, "जुम्म्यावरून सरळ जा, पाण्यात डोकावू नको." शाळेच्या निबंधात 'जुम्मा' लिहिलं तर गुरुजी लाल शाईनं गोल करून 'गांधीसागर' करायचे. जुम्मा दरवाजाचंही तेच, तो आता गांधी गेट.

महालकरीण
गोंड राजा बख्त बुलंद शाहानं १७०२ मध्ये बारा खेडी जोडून शहर वसवलं, असं लहानपणी ऐकलेलं. आमच्या आजीच्या लेखी मात्र महाल म्हणजेच नागपूर. बर्डीला जायचं तर "गावाबाहेर चालली" म्हणायची. पायी अर्ध्या तासाचा रस्ता! अन् निघताना भाकर बांधून घ्यायची.