भीमबेटकाची चित्रं ‘आदिमानवाची’ म्हणायची का?

पोहे_जास्त_शेव : परवा इंदूरहून आमच्या मंडळाची सहल भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या चित्रांच्या गुहा बघायला गेली आणि ग्रुपवर फोटोच फोटो, प्रत्येकाखाली ‘आदिमानवाने काढलेली चित्रं’. माझं म्हणणं, हा शब्द तिथे साफ चुकीचा आहे. ती चित्रं काढणारे आपल्याच जातीचे, होमो सेपियन्स. आपली जात साधारण ३ लाख वर्षांपासून आहे आणि तिथली बरीच जुनी चित्रं १० हजार वर्षांच्या आसपासची धरतात, म्हणजे मेंदू, हात, बोटं सगळं तुमच्या-माझ्यासारखंच. आणि काही चित्रांत तर तलवारी घेतलेले घोडेस्वार आहेत, ती तर सरळ ऐतिहासिक काळातली. ते पण आदिमानव? मग होळकरांच्या घोडदळाला काय म्हणायचं? आदिमानव म्हणायचंच तर आपल्या आधीच्या जातींना म्हणा, होमो इरेक्टस वगैरे.

सराफा_रात्री_अकरा : काय भिया, किती कीस पाडायचा. आदि म्हणजे सुरुवातीचा, मानव म्हणजे माणूस, झालं. शाळेत शिकलो की गुहेत राहणारा, शिकार करणारा, आग पेटवणारा तो आदिमानव, आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं ना कशाबद्दल बोलतोय ते? शब्द बोलणाऱ्यांचा असतो, हाडं मोजणाऱ्यांचा नाही.

नर्मदे_हर : कळतं खरं, पण भलतंच कळतं. माझ्या ऑफिसात झाबुआकडचा एक भिल सहकारी आहे. असाच फोटो बघून एकाने त्याला विचारलं, ‘तुमच्या गावात अजून भिंतीवर हेच काढतात ना?’ अरे पिठोरा ही नवसाची चित्रं, घरात पूजा घालून घोडे रंगवतात, आजची जिवंत कला आहे ती. पण आदिमानव, आदिवासी, जंगल, गुहा हे सगळं लोकांच्या डोक्यात एकाच पोत्यात भरलेलं असतं. तो बिचारा हसून गप्प बसला, मला मात्र लाज वाटली.

सराफा_रात्री_अकरा : तो विचारणाऱ्याचा गाढवपणा. शब्द बदलला म्हणून तो सुधारणार आहे का?

जुना_उज्जैनकर : दोघं अर्धंच बोलताय. पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी १९५७ साली भीमबेटका उजेडात आणलं ते चित्रांसाठी, बरोबर. पण पुढे १९७० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी तिथल्या एका गुहेत खोदकाम केलं, तर खालच्या थरांत अश्यूलियन, म्हणजे फार जुन्या घडणीच्या दगडी हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेची दगडी हत्यारं निघाली, ती या चित्रांपेक्षा कितीतरी जुनी. हाडं नाही मिळाली, त्यामुळे बनवणारे नक्की कोण ते हत्यारांवरून ठरवता येत नाही. म्हणजे भीमबेटकात आदिमानव होता म्हटलं तर चूक नाही, फक्त चित्रं त्याच्या नावावर टाकू नका.

पोहे_जास्त_शेव : मी तरी दुसरं काय म्हणतोय. खाली हातकुऱ्हाडवाला, वर चित्रवाला, मध्ये एवढा काळ, आणि दोघांना एकच नाव. उद्या तुमच्या खापरपणजोबांना आणि तुम्हाला एकच आधार कार्ड दिलं तर चालेल का.

सराफा_रात्री_अकरा : आणि तुमचे पंडित तरी कुठे एका नावावर टिकतात? हथनोराला नर्मदेच्या काठी १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकियांना एका प्राचीन मानवाची कवटी मिळाली, आपल्या नळाला जिचं पाणी येतं तीच नर्मदा. आधी तिला होमो इरेक्टसमध्ये घातलं, मग काही जण म्हणाले नाही, ही सेपियन्सचंच जुनं रूप. होमिनिड शब्दाचं तेच, पूर्वी फक्त माणसाच्या वंशाला वापरायचे, आता त्यात चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान सगळे, आणि माणसाच्या फांदीसाठी वेगळा होमिनिन काढला. यांचं ठरेपर्यंत मी थांबू? माझा आदिमानव सैल आहे म्हणूनच तर टिकलाय, हथनोरावाला कोणीही निघाला तरी त्यात बसतो.

जुना_उज्जैनकर : हा मुद्दा खरंच चांगला आहे.

पोहे_जास्त_शेव : चांगला आहे पण उलटा माझ्याच बाजूने जातो. होमिनिडचं नाव बदललं कारण जनुकं तपासल्यावर दिसलं की चिंपांझी गोरिलापेक्षा आपल्याला जवळचा, मग त्याला एका खणात आणि आपल्याला दुसऱ्या खणात ठेवणार कसं. कारण होतं म्हणून बदललं. आणि सैल शब्द वापरायला माझी ना नाही, जिथे माहिती नाही तिथे जरूर वापर, हथनोराला वापर. पण चित्रवाल्यांबद्दल माहिती आहे ना आपल्याला? मग माहीत असून सैल कशाला बोलायचं. वर तो शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यासमोर वाकून चालणारा, केसाळ, घुरघुरणारा प्राणी येतो, आणि मग हरणाची ती एका ओघात काढलेली रेघ बघून ‘अरे वा, त्यांना जमायचं की’ असं म्हणतात. जमायचं की काय!

नर्मदे_हर : मग फोटोखाली लिहायचं काय, ‘मध्याश्मयुगीन मानव’? आमच्या काकू ग्रुपच सोडतील.

पोहे_जास्त_शेव : ‘माणसांनी काढलेली जुनी चित्रं’ लिहा.

सराफा_रात्री_अकरा : माणसांनीच काढली हे काय सांगायचं, वाघाने काढली असं कोण म्हणतंय इथे?