विषय: सोडतीतला नोट ७ आणि रविवारचं विमान – रिसीट कोणाकडे?

मंजिरी, शुक्रवार १४ ऑक्टोबर २०१६, संध्याकाळी ७:१०

मंडळी, घाईत लिहितेय. मंगळागौरीच्या सोडतीत आमच्या आईंना लागलेला फोन, सॅमसंगचा नोट ७, आता विमानात नेताच येणार नाही, त्याच्या बॅटऱ्या पेट घेतायत म्हणून. उद्या दुपारी १२ पासून बंदी आहे, आत्ताच बातम्यांत सांगितलं. आईंचं विमान रविवारी रात्री न्यूअर्कहून. फोन गेल्या महिन्यात बदलून आणलेला आहे, स्क्रीनवर हिरव्या बॅटरीचं चिन्ह (म्हणजे बदललेला, सुरक्षित) असलेला, म्हणून मी निर्धास्त होते. दुकानात विचारलं तर म्हणतात, मूळ रिसीट आणा आणि पैसे ज्या कार्डावर खरेदी झाली त्याच कार्डावर जातील. रिसीट सुधीरदादांकडे आहे की संध्याताईंकडे? उद्या कोजागिरीला भेटू तेव्हा बघू, असं करता येणार नाही. दुकान ६ ला बंद होतं. प्लीज आज रात्रीच कळवा.

विवेक, शुक्रवार, रात्री ८:०५

मंजिरी, इतकी काळजी करू नकोस. फोन पूर्ण बंद कर आणि चेक-इन बॅगेत साड्यांच्या मध्ये ठेव. तिथे कोण उघडून बघतंय? शिवाय भारतात डीजीसीएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, सप्टेंबरच्या शेवटी हिरव्या चिन्हाचे नोट ७ चालतील असं स्वतःच सांगितलंय. म्हणजे मुंबईला उतरल्यावर काही प्रश्न नाही. साडेआठशे डॉलरच्या आसपासची वस्तू, अशी हातची का घालवायची?

नाना, शुक्रवार, रात्री ९:२०

विवेक, तुझ्या सल्ल्यावर कोणी चालू नये म्हणून लगेच लिहितो. विमानांच्या देखभालीत माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे हे मला गप्प बसून वाचवत नाही.

एक तर डीजीसीएचा नियम इथे लागू नाही. आजचा आदेश अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा आहे आणि अमेरिकेतून निघणाऱ्या, अमेरिकेत येणाऱ्या आणि अमेरिकेतल्या अमेरिकेत उडणाऱ्या सगळ्या विमानांना तो लागू आहे. आई न्यूअर्कला विमानात चढणार आहेत. फोन अंगावर नाही, हातातल्या सामानात नाही, चेक-इनमध्ये नाही, कार्गोनेही नाही. हिरवं चिन्ह असो वा नसो, फोन बंद असो वा चालू. सापडला तर जप्त होऊ शकतो, दंड होऊ शकतो, आणि जाणूनबुजून चेक-इनमध्ये लपवला तर फौजदारी खटलासुद्धा. त्या बॅगेवर टॅग आईंच्या नावाचा असणार, तुझ्या नाही.

आणि नियम बाजूला ठेवला तरी चेक-इन ही सगळ्यात वाईट जागा. लिथियम बॅटरीत आतल्या आत शॉर्ट झालं की ती स्वतःच तापत जाते. तापल्यावर आतले पदार्थ फुटतात, त्यातून पेट घेणारी वाफ निघते, त्याने आणखी तापते. खालच्या कप्प्यात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. हॅलॉन ज्वाला मारतो, पण बॅटरी थंड करत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखी ती आत धगधगत राहते आणि पुन्हा पेटते. वर केबिनमध्ये निदान धूर दिसतो, वास येतो, कर्मचारी पाणी ओतू शकतात. पाणीच लागतं, थंड करायला. खाली कपड्यांमध्ये पेटलं तर कोणाला कळणार? ३ सप्टेंबर २०१० ला दुबईजवळ यूपीएसचं मालवाहू विमान पडलं, दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. या वर्षीच्या १ एप्रिलपासून प्रवासी विमानांत नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून न्यायला आंतरराष्ट्रीय बंदी आहे, ती उगाच नाही.

‘बदलून मिळालेला आहे’ म्हणून विश्वास ठेवू नका. कंपनीने पहिल्यांदा फोन परत मागवले तेव्हा दोष एका पुरवठादाराच्या बॅटरीचा आहे असं म्हणाले आणि दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीचे फोन दिले. ५ ऑक्टोबरला लुईव्हिलला साउथवेस्टच्या विमानात जो फोन धुमसला तो बदलून मिळालेलाच होता. नशीब, विमान अजून गेटवर होतं, माणसं उतरवता आली. या आठवड्यात कंपनीने उत्पादनच कायमचं बंद केलं. काल अमेरिकेतल्या परत मागवलेल्या फोनांचा आकडा १९ लाखांवर गेला, त्यात बदललेले फोनही धरलेत.

मंजिरी, आज रात्री फोन चार्जिंगला लावू नकोस. फोटो काढून घ्यायचे असतील तर जेवढं चार्ज आहे त्यात काढ आणि बंद करून ठेव.

सुधीर, शुक्रवार, रात्री १०:१५

रिसीटबद्दल. खरेदी माझ्या स्वतःच्या कार्डावर झाली होती, कारण तेव्हा मंडळाचं कार्ड नूतनीकरणात अडकलं होतं. मंडळाने मला चेकने पैसे दिले. मूळ रिसीट मी गणपतीनंतर कारभार सोपवताना फाइलमध्ये लावून संध्याकडे दिली आहे. फोन निवडला सोडत समितीने, मी फक्त पैसे भरले, हेही नोंद असावं. आता रिफंड माझ्या कार्डावर येणार. ते पैसे मी कोणाला द्यायचे? मंडळाला की विजेत्याला? समितीने लेखी सांगितल्याशिवाय मी काही करणार नाही, वार्षिक हिशेबाच्या वेळी प्रश्न नकोत.

शैलाताई, शुक्रवार, रात्री १०:४०

सुधीर, ‘निवडला सोडत समितीने’ याचा इथे काय संबंध? ऑगस्टमध्ये तो फोन बाजारात नवा होता आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बक्षीस दिलं की ते विजेत्याचं झालं. मंडळाचा त्यावर कसलाही हक्क उरत नाही. मागच्या वर्षीच्या चांदीच्या ताम्हणाच्या वेळी आपण हेच ठरवलं होतं. पैसे आईंचे. त्या ७४ वर्षांच्या आहेत, फोन लागला म्हणून मिरजेला दहा जणांना सांगून झालंय, आणि आपण इथे कार्ड कोणाचं यावर बोलतोय.

संध्या, शुक्रवार, रात्री ११:३०

फाइल उघडली. रिसीट आहे, फोटो काढून मंजिरीला पाठवला आहे. मूळ प्रत उद्या सकाळी ९ वाजता माझ्याकडून घेऊन जा, मी ९:३० ला दूध आणायला निघणार आहे. (कोजागिरीच्या दुधाला अजून केशर कोणी आणतंय का ते सांगितलेलं नाही. बदामाची पूड मी केली आहे.)

पैशांबाबत मी शैलाताईंशी सहमत आहे, पण एक व्यवहार बघा. रिफंड यायला दिवस लागतील आणि आई रविवारी जाणार. त्यांना हातात फोन हवा असेल तर आगाऊ पैसे मंडळाने द्यायचे का? माझ्या अधिकारात तेवढी रक्कम नाही. कार्यकारिणीतल्या तिघांनी इथेच होकार द्या.

विवेक, शनिवार १५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

नाना, खटल्याचं मला माहीत नव्हतं, तो भाग मान्य. पण सप्टेंबरमध्ये सिंगापूरहून चेन्नईला जाणाऱ्या इंडिगोच्या विमानातही नोट पेटला होता ना? मग सगळ्याच सॅमसंगवर बंदी का नाही? माझ्याकडे एस ७ आहे आणि मी थँक्सगिव्हिंगला जाणार आहे.

नाना, शनिवार, सकाळी ८:००

तो नोट २ होता, नोट ७ नव्हे. २३ सप्टेंबरची घटना. वरच्या सामानाच्या कप्प्यातून धूर आला, कर्मचाऱ्यांनी आधी अग्निशामक वापरला आणि मग फोन पाण्यात बुडवून शौचालयात ठेवला. तेच बरोबर आहे, आधी ज्वाला, मग थंडावा. जुनी बॅटरी कुठल्याही कंपनीची असो, बिघडू शकते. पण आजचा आदेश एकाच मॉडेलचा आहे, कारण एकाच मॉडेलच्या इतक्या तक्रारी इतक्या कमी वेळात आल्या. एकट्या अमेरिकेत बॅटरी तापल्याच्या ९६. तुझा एस ७ तू खुशाल घेऊन जा. हातातल्या सामानात ठेव.

संध्या, आगाऊ रकमेला माझा होकार.

शैलाताई, शनिवार, सकाळी ८:२०

माझाही. केशर मी आणते.

सुधीर, शनिवार, सकाळी ८:४५

माझा होकार आहे, पण इतिवृत्तात लिहा. दुसरं म्हणजे परतावा घेण्यापेक्षा त्याच कंपनीचा दुसरा फोन घेतला तर १०० डॉलरपर्यंत क्रेडिट देतायत, नुसता परतावा किंवा दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला तर २५. मंजिरीने दुकानात विचारावं. मीही दुकानात येतो, कार्ड माझं असल्याने सहीला लागेन.

कल्पना, शनिवार, सकाळी ९:५०

आमच्याकडेही एक नोट ७ आहे, ऑनलाइन घेतलेला. पोस्टाने परत पाठवायचा तर कार्गोतही चालत नाही म्हणता, मग पाठवायचा कसा? आणि आई पॉवर बँक नेतायत का? माझ्या भावाची मुंबईत चेक-इनमधून काढून घेतली होती, तासभर बॅग उघडून ठेवली होती बिचाऱ्याची.

नाना, शनिवार, सकाळी १०:२५

कल्पना, पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात. तिच्यावर वॅट-तास छापलेले असतात ते बघ. १०० पर्यंत चालतं. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॅट-तास, त्यामुळे बहुतेकांची बसते. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते. छापील आकडा पुसला गेला असेल तर नवीन घे, मुंबईला वाद घालण्यात अर्थ नाही.

नोट ७ पाठवायला कंपनी आगीला टिकणारं खोकं देते, ते जमिनीवरूनच जातं. साध्या पाकिटात घालून टपालात टाकू नकोस. तोवर बंद करून ठेव, गादीवर आणि पडद्यापाशी नाही.

मंजिरी, शनिवार, दुपारी ३:४०

झालं. सुधीरदादा, तुम्ही स्वतः आलात म्हणून अर्ध्या तासात आटोपलं, खूप आधार वाटला. फोन दुकानात दिला, पावती घेतली. आईंसाठी त्याच कंपनीचा एस ७ घेतला, क्रेडिट मिळतंय. नातीचे फोटो रात्रीच लॅपटॉपवर उतरवले होते. आईंना एवढंच वाईट वाटलं की त्यातल्या पेनाने त्या रोज रांगोळ्या काढायच्या, ते पेन नव्या फोनला नाही. रांगोळ्यांची चित्रं मात्र सगळी वाचली आहेत.

विमान कंपनीलाही फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, विमानात चढताना नोट ७ आहे का विचारतील, ‘नाही’ सांगा. आणि चुकून कोणाकडे विमानात सापडलाच तर बंद करून स्वतःजवळ ठेवायचा, वरच्या कप्प्यात टाकायचा नाही. हे इथे लिहितेय कारण दिवाळीला जाणारे आपल्यात बरेच आहेत.

सुधीर, शनिवार, दुपारी ४:०५

रिफंड यायला किती दिवस ते दुकानदाराने नक्की सांगितलं नाही. आला की मी मंडळाला चेक देईन, म्हणजे आगाऊ रक्कम फिटेल. वर जे उरेल ते कोणाच्या नावे?

शैलाताई, शनिवार, दुपारी ४:१५

आईंच्या. हेही इतिवृत्तात लिहा. आणि मंजिरी, आईंना आज कोजागिरीला नक्की घेऊन ये, ८ वाजता आहे, हॉलची मागची पार्किंग आज बंद आहे.