मदत हवी आहे: रात्री हेडलाइटचा उजेडच पडत नाही, काय करू?

आजरेकर: शनिवारी संध्याकाळी आईला घेऊन सावंतवाडीला निघायचंय. आंबोली घाट अंधारातच उतरावा लागणार. डिपरवर (खालच्या बीमवर) पुढचं चाक जाईल तेवढंच दिसतं, कडेचा पांढरा पट्टा तर दिसतच नाही. दोन्ही बल्ब नवे टाकले, फरक शून्य. गॅरेजवाला म्हणतो एलईडी टाका. टाकू का? लवकर सांगा प्लीज.

रानवाट: गाडी कोणती, साल कोणतं? काचा पिवळ्या पडल्यात का? बल्ब किती वॅटचे?

हायवेवाला: एलईडी बिनधास्त टाका. माझ्या जुन्या वॅगन आरमध्ये टाकलेत, रात्रीचा दिवस झालाय. बाकी सगळा वेळेचा अपव्यय.

तारजुळणी: हायवेवाला, तुमचा दिवस होतो आणि समोरून येणाऱ्याची रात्र! जुन्या हेडलाइटचा रिफ्लेक्टर हॅलोजनची तार जिथे असते त्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप नेमकी त्या जागी बसत नाही, मग उजेड वर उधळतो. गाडीजवळ लख्ख वाटतं, लांबचं दिसत नाही. त्यात आंबोलीला धुकं असलं तर तोच उजेड परत डोळ्यांवर येणार.

हायवेवाला: समोरचे सगळे अप्परवरच (वरच्या बीमवर) येतात, त्यांना कोण सांगतं? आपणच कायदे पाळायचे का?

पेठकरीण: काचांना टूथपेस्ट चोळा. ओल्या फडक्याने दहा मिनिटं, मग धुऊन टाका. आमच्या अल्टोला मस्त फरक पडला.

आजरेकर: स्विफ्ट डिझेल, 2008. बल्ब 60/55 वॅटचे (अप्पर/डिपर), कंपनीत होते तेच. काचा थोड्या पिवळट आहेत, फार नाही. पण नवे बल्ब टाकलेत म्हटल्यावर बल्बचा प्रश्न मिटला ना?

तारजुळणी: बल्बचा मिटला, बल्बपर्यंत पोचणाऱ्या करंटचा नाही. एवढ्या जुन्या गाडीत बारीक वायर, स्विचमधले काळवंडलेले पॉइंट आणि गंजलेलं अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली करंटची परतीची वाट) मिळून व्होल्टेज खातात. इंजिन चालू, डिपर चालू ठेवून आधी बॅटरीवर मोजा. मग बल्ब जोडलेला असतानाच सॉकेटच्या मागून मल्टिमीटरच्या पिना घालून मोजा. सॉकेट काढून मोजलंत तर आकडा फसवा येईल. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर तिथेच मेख आहे. आणि डॅशबोर्डवर उजव्या हाताला 0 ते 3 आकड्यांचं छोटं चाक असेल, ते कितीवर आहे?

मोडीलिपी: दादा, डोळे कधी तपासलेत? आमच्या बाबांनी वर्षभर हेडलाइटला दोष दिला, निघाला मोतीबिंदू.

आजरेकर: मी चौतीस वर्षांचा आहे. नवीन गाडीत व्यवस्थित दिसतं मला.
शेजारच्या वायरमनकडून मोजून घेतलं. बॅटरीवर 14.1, सॉकेटवर 12.3. ते चाक 3 वर होतं. 0 वर आणल्यावर उजेड लांब गेला, पण मंदच आहे.

तारजुळणी: 1.8 व्होल्ट वाटेत गळतायत! हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो. तुमच्या हिशेबात तिसऱ्या हिश्शाहून जास्त उजेड वायरीतच संपलाय. ते चाक मागे माणसं, सामान असेल तेव्हा बीम खाली घेण्यासाठी असतं, एकट्याने जाताना 0 वरच ठेवा. आता रिलेचं हार्नेस (रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हार्नेस म्हणजे त्याची वायरिंग) टाकून घ्या: बॅटरीवरून जाड वायर, तिला बॅटरीजवळच फ्यूज, डिपरला एक रिले, अप्परला एक. जुना स्विच फक्त रिले ओढेल. अर्थिंगचा बोल्ट काढून पॉलिश पेपरने चकचकीत करा. कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम करतो.

हायवेवाला: एवढ्या खटाटोपापेक्षा 100/90 चे बल्ब टाका, संपला विषय.

रानवाट: नका हो टाकू! त्या बारीक वायरीवर 100 वॅट घातले की सॉकेट वितळतं. माझ्या मारुती 800 मध्ये प्लास्टिक बल्बला चिकटून बसलं होतं, पकडीने तोडून काढावं लागलं. वर ते कायद्यातही बसत नाही.
आणि पेठकरीणताई, टूथपेस्टने चमक येते पण टिकत नाही. पाणी मारत 1000, मग 2000 नंबरचा पॉलिश पेपर, मग कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट), शेवटी यूव्ही क्लिअर कोट (उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर). कोट नाही मारला तर काच पुन्हा पिवळी पडते.

पेठकरीण: रानवाट, कोटाचं पटलं. पण शनिवारपर्यंत एवढं सगळं कोण करून देणार त्यांना? पेस्ट घरात असते.

मोडीलिपी: रात्री जाताच कशाला? पहाटे निघा, धबधबाही बघून होईल.

आजरेकर: दुपारपर्यंत आईचं डायलिसिस असतं, म्हणून संध्याकाळ. उद्या सकाळी इलेक्ट्रिशियनकडे गाडी सोडतोय. वायर कितीची सांगू? पिवळे फॉगलॅम्पही लावून घेऊ का?

तारजुळणी: वायर 2.5 चौरस मिमी तांब्याची, रिले 30 अँपिअरचे, प्रत्येकाला 15 चा फ्यूज. काम झालं की परत सॉकेटवर मोजून घ्या, साडेतेराच्या वर यायला हवं. फॉगलॅम्प चांगलेच, पण बंपरमध्ये खाली बसवा आणि त्यांना वेगळा रिले द्या, याच वायरीवर नको. धुक्यात अप्पर लावू नका. मोजलेला आकडा इथे टाका.