बेघर, निराधार की निराश्रित? (शब्दचर्चा)

एक बातमी मराठीत करतेय, त्यात अडकलेय. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांचा एप्रिल २०२४ चा अहवाल आहे, विषय होमलेसनेस. २०१८-१९ पासून २०२२-२३ पर्यंतच्या पाच आर्थिक वर्षांत राज्य सरकारने या प्रश्नावर जवळपास २४ बिलियन डॉलर घातले, कमीत कमी ३० वेगवेगळ्या योजना होत्या, पण त्यातून नक्की काय साधलं याचा माग नीट ठेवला नाही असं अहवाल म्हणतो. मी मथळा दिला "बेघरांवर २४ हजार कोटी डॉलरचा खर्च". भावाला दाखवलं तर म्हणतो एवढ्या पैशात सगळ्यांना घरकुलं का नाही बांधून दिली? म्हणजे त्याच्या डोक्यात "बेघर" वेगळाच माणूस आला. मग निराधार लिहू का? की निराश्रित?

—

निराधार अजिबात नको. तो शब्द आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेने कधीच घेतलाय, निराधार म्हटलं की विधवा, अपंग, म्हातारी माणसं आणि महिन्याचं अनुदान डोळ्यासमोर येतं. त्यांच्यातल्या बहुतेकांना राहायला घर असतं, कमवतं माणूस नसतं. निराश्रितला फाळणीचा वास आहे, ४७ नंतर उल्हासनगरला आलेले सिंधी वगैरे. बेघरच ठेवा.

—

बेघरच ठेवा हे बरोबर, पण ताईंच्या भावाचं काही चुकलेलं नाही, घोळ शब्दातच आहे. "बे" फारसी आणि "घर" आपलं, सरळ अर्थ घर नसलेला. पण मराठीत "घर नाही" याचे दोन अर्थ होतात. एक, रात्री अंग टाकायला छप्पर नाही. दुसरा, स्वतःच्या नावावर घर नाही. गावात कुणी "मी बेघर आहे, माझं नाव यादीत घाला" म्हणतो तेव्हा तो फुटपाथवर झोपत नसतो, भावाच्या घरात एका खोलीत नाहीतर कुडाच्या घरात राहत असतो आणि त्याला घरकुल हवं असतं. कितीतरी गावांत "बेघर वस्ती" नावाचा भागच असतो, तिथे तीस-चाळीस वर्षांपूर्वीची पक्की घरं, वर गच्चीवर टाकी, नाव मात्र बेघर वस्ती :) म्हणून आपल्याकडे बेघर म्हटलं की पाठोपाठ घरकुलच आठवतं.

अमेरिकेतल्या सरकारी व्याख्येत होमलेस म्हणजे जो रस्त्यावर, गाडीत, तंबूत झोपतो तो, आणि जो सरकारी किंवा संस्थेच्या शेल्टरमध्ये झोपतो तोसुद्धा! तिथे दरवर्षी जानेवारीत एका रात्रीची मोजणी होते, २०२४ ला कॅलिफोर्नियात १ लाख ८७ हजारांच्या आसपास माणसं भरली आणि त्यातली जवळपास दोन तृतीयांश उघड्यावर होती. उरलेली शेल्टरमध्ये. आता हे मराठीत लिहून बघा, "निवाऱ्यातले बेघर". वाचणारा म्हणणार अहो निवारा मिळाला ना, मग बेघर कसले?

कारण "अन्न, वस्त्र, निवारा" मधला निवारा म्हणजे घरच की. आणि "शहरी बेघर निवारा केंद्र" मधला निवारा म्हणजे रात्रीपुरती एक खाट. मुळात निवारणे म्हणजे ऊन-पाऊस अडवणे, तेव्हा खाटवाला अर्थ मुळाच्या जास्त जवळचा, पण कान शाळेत पाठ केलेलंच ऐकतात. मी असतो तर शेल्टरला "रात्रनिवारा" किंवा "तात्पुरता निवारा" लिहिलं असतं, नुसतं निवारा कधीच नाही. करोनात कॅलिफोर्निया सरकारनेच हा फरक नावातून केला होता बघा, हॉटेलच्या खोल्या तात्पुरत्या दिल्या ती योजना "रूमकी", आणि हॉटेलं-मोटेलं विकत घेऊन कायमची घरं करायची ती "होमकी".

—

ही नावं भाषांतर करू नका फक्त, "खोलीकिल्ली" वगैरे :D

"हाउसिंग फर्स्ट" पण येणार असेल तुमच्या बातमीत? कॅलिफोर्नियाने २०१६ च्या कायद्याने राज्याच्या घरयोजनांना ते धोरण लावलं, की आधी दारू सोड, आधी उपचार घे अशा अटी न घालता पहिल्यांदा घर द्यायचं. मी एकदा "प्रथम गृहनिर्माण" असं वाचलंय, डोक्यावरून गेलं, वाटलं म्हाडाची सोडत आहे. सरळ "आधी घर, मग बाकीचं". आधी लगीन कोंढाण्याचं आपल्या अंगात आहे, लगेच कळतं.

—

मला "खर्च" वर बोलायचंय, त्यावर कुणीच बोललं नाही. तरतूद, मंजूर, वर्ग आणि खर्च ह्या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि पेपरवाले चारींना खर्च म्हणतात. राज्याने काउंटीला (तिकडचा जिल्हा), शहराला निधी वर्ग केला म्हणजे तो त्या माणसापर्यंत पोचला असं होत नाही, आणि पुढे त्याचं काय झालं याचा माग नीट ठेवला नाही हेच तर अहवालाचं रडगाणं आहे. पाच योजना तपासल्या त्यातल्या दोनच योजनांत, होमकी आणि एक कुटुंबांसाठीची, पैसा सत्कारणी लागला असावा असं म्हणता आलं, बाकी तिघींबद्दल ठरवायला पुरेशी माहितीच नव्हती. म्हणजे पैसा खाल्ला असं अहवाल म्हणत नाही हां, मथळ्यात "घोटाळा" घालू नका. "हिशेब लागेना" पण नको, त्यातही चोरीचा वास येतो. "फलित कळेना" म्हणा.

आणि एन्कॅम्पमेंटला, म्हणजे बेघरांनी रस्त्याकडेला टाकलेल्या तंबूंच्या वस्तीला, छावणी लिहिलं तर निम्म्या लोकांना जनावरांची चारा छावणी दिसेल. झोपडपट्टी तर चूकच, झोपडपट्टीत दार असतं, पत्ता असतं, लाइटबिल येतं. "रस्त्याकडेचे तंबू" पुरे. पालं शब्द गोड आहे पण पालात राहणारा फिरस्ता असतो, आज इथे उद्या तिथे, त्याला बेघर म्हटलं तर राग येईल.

—

सगळ्यांचे आभार. आता असं केलंय, "रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी २४ हजार कोटी डॉलरचा निधी, फलित कळेना". पण मग रात्रनिवाऱ्यातले सुटतात ना यात?

—

सुटतात. मथळ्यात बेघर ठेवा आणि दुसऱ्याच वाक्यात सांगून टाका की इथे बेघर म्हणजे रस्त्यावर किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात राहणारे, मथळ्याला एवढं ओझं नको.

आणि ताई एक बिलियन म्हणजे एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. २४ हजार कोटी नाही हो, २४०० कोटी.

—

अरे देवा. दोन्ही ठिकाणी तेच लिहिलंय. बदलते.