चिनी ‘डांग ग्वेइ’ मुळाचा औषधात आणि स्वयंपाकात वापर

सांगलीकर : सिंगापूरहून आलेल्या भाचीने ‘डांग ग्वेइ’ नावाच्या मुळाच्या फिकट पिवळसर, उग्र वासाच्या चकत्या आणल्या असून बाळंतीण सुनेला त्या मटणाच्या रश्श्यात घालून द्याव्यात, असे ती सुचवते. हे योग्य ठरेल का?

कराडकर : कोथिंबीर, ओवा आणि गाजर यांच्याच कुळातील ही वनस्पती चीनच्या गान्सू प्रांतात मोठ्या प्रमाणावर पिकते. तेथील पारंपरिक वैद्यकात ती रक्तवर्धक मानली जाते आणि पाळीच्या तक्रारींवर, तसेच बाळंतपणानंतर दिली जाते. मटण, भरपूर आले आणि हे मूळ मंद आचेवर शिजवून केलेले सूप तर सुमारे १८०० वर्षे जुने आहे. आपला कांदा-खोबऱ्याचा मसाला मात्र त्यात घालू नये, कारण मुळाची कडवट-गोडसर चव त्याखाली पार दबून जाते.

वाईकर : चवीआधी प्रकृती पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास या मुळामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. गरोदरपणातही ते टाळतात. सूनबाईंचे अंगावरून जाणे अजून थांबले नसेल किंवा त्या बाळाला अंगावर पाजत असतील, तर प्रसूतितज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक चकतीही देऊ नका. तोवर अळिवाची खीर द्यावी.

सांगलीकर : आभारी आहे. उद्याच डॉक्टरांना चकत्या दाखवून विचारतो.